फ्रेम रेट बदलण्याआधी: एक आकडा ठरवा आणि त्यावरच राहा

फ्रेम रेट बदलण्याच्या व्हिडिओत मी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून दाखवल्या. व्हिडिओत 'कसं करायचं' एवढंच बसतं. 'करायचं की नाही' हे तिथे राहून गेलं, म्हणून इथे लिहितोय. माझं मत सरळ सांगतो: तुमच्यापैकी बहुतेकांना फ्रेम रेट बदलायची गरजच नाही. ज्यांना खरोखर आहे, त्यांनी त्या कामासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

हे ठासून सांगायचं कारण म्हणजे बांदा, सावंतवाडी, कुडाळ, पलीकडे पेडण्यापर्यंत, कॅमेरा किंवा फोन घेऊन धंदा करणारा जो भेटतो तो हेच विचारतो, "व्हिडिओ 60 करून मिळेल काय? स्मूथ दिसतो म्हणतात." लग्नाचं शूटिंग करणारे विचारतात, काजूगर विकणारे विचारतात, दशावताराची नाटकं चॅनेलवर टाकणारी पोरं तर विचारतातच. आणि त्यातले बरेच जण महिन्याच्या वर्गणीचं एखादं ॲप आधीच घेऊन बसलेले असतात.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. एका सेकंदात किती फोटो, तो फ्रेम रेट. सिनेमा 24, आपल्याकडचा टीव्ही 25, अमेरिकेतला टीव्ही 30. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. टीव्हीचे आकडे विजेवरून आले. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, म्हणून आपण निम्मे धरले, 25. अमेरिकेत वीज 60 ची, म्हणून तिथे 30. पुढे 1953 मध्ये तिकडे रंगीत टीव्हीची पद्धत ठरवताना 30 चं 29.97 झालं, ते शेपूट आजही फायलींना चिकटलेलं दिसतं. दूरदर्शनने 1982 ला रंगीत प्रसारण सुरू केलं ते पाल पद्धतीने, म्हणजे 25 वर.

आता तुमच्या खिशातला फोन बघा. तो सगळ्या जगासाठी एकदाच बनवलेला. उघडल्या उघडल्या 30 वर शूट करतो. म्हणजे कॅमेऱ्यात आकडा अमेरिकेचा आणि डोक्यावर दिवा महावितरणच्या विजेचा. अर्ध्याहून जास्त तक्रारी इथून सुरू होतात, आणि लोक त्या नंतर सॉफ्टवेअरने दुरुस्त करायला बघतात.

जत्रेतलं उदाहरण घ्या. देवळासमोर मांड घातलेला, रात्री बाराच्या सुमाराला नाटक उभं राहिलं, संकासूर आला, आणि फोनच्या स्क्रीनवर आडवे काळपट पट्टे वर-खाली सरकायला लागले. डोळ्यांना काही दिसत नाही, फोनमध्येच दिसतात. 50 च्या विजेवर स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. फोनचं शटर जर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकं उघडं असेल, तर त्यात दिव्याच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश उजळण्या सापडतात. ते पुरे माप नाही. कुठल्या ओळीला जास्त उजेड मिळतो, कुठल्या ओळीला कमी, आणि पट्टे उठतात. शटर पन्नासावा भाग केलं की बरोबर दोन उजळण्या सापडतात, शंभरावा केलं की बरोबर एक. पट्टे गायब. पूर्वी हीच नाटकं गॅसबत्तीच्या उजेडात व्हायची, ती बत्ती हेलकावे खात नाही. नंतरच्या हॅलोजनची तार दोन हेलकाव्यांच्या मधे पुरती थंड होत नसे, म्हणून तेव्हाही एवढा त्रास नव्हता. एलईडी आले आणि हे दुखणं घेऊन आले.

एकदा पट्टे फाइलमध्ये छापले गेले की फ्रेम रेट बदलून ते जात नाहीत. हे मी कितीदा सांगितलं असेल. 30 चं 25 केलं तरी पट्टे तिथेच, फक्त त्यांची चाल बदलते. तेव्हा रात्रीचा कार्यक्रम, हॉल, दुकानाच्या आतलं शूटिंग, जिथे जिथे विजेचा दिवा आहे, तिथे 25 फ्रेम आणि शटर 1/50. आयफोनमध्ये सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केला की 25 चा आकडा दिसायला लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात 25 मिळत नाही. मग ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप तुमच्या फोनवर चालतं का बघा. तेही नसेल तर प्रो मोडमध्ये जाऊन 30 वरच राहा, पण शटर हाताने 1/50 किंवा 1/100 करा. पट्टे फ्रेम रेटपेक्षा शटरवर जास्त अवलंबून आहेत, हे कळलं की निम्मं काम झालं. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मात्र थोडं सांभाळून, कारण लोड वाढला की त्याचा वेग 50 वर टिकतोच असं नाही. सुरू होण्याआधी अर्धा मिनिट चाचणी घ्या.

'मग सगळंच 25 वर करू का?' असं विचाराल तर नाही. दिवसा उन्हात, मोचेमाडच्या किनाऱ्यावर होमस्टेची रील करताय, चितारआळीत लाकडी खेळणी रंगवताना ओसरीवर उजेडात शूट करताय, आणि बघणारा मोबाइलवरच बघणार आहे, तर 30 खुशाल ठेवा. बऱ्याच मोबाइलचा पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो. 30 ची प्रत्येक फ्रेम त्यावर बरोबर दोनदा बसते. 25 ची फ्रेम कधी दोनदा, कधी तीनदा दिसते, आणि कॅमेरा हळू फिरवला की बारीकसा धक्का जाणवू शकतो. म्हणजे 25 हा काही देवाने दिलेला आकडा नाही. एका कामाला एक आकडा, आणि तो शूटिंगच्या आधी ठरलेला, एवढंच माझं म्हणणं आहे.

भानगड होते ती मिसळीत. लग्न सावंतवाडीत. मुख्य कॅमेरा 25 वर. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने आयफोनवर 60 मध्ये घेतलेली वरात. न्यू जर्सीहून मामाने पाठवलेला शुभेच्छांचा तुकडा 29.97 चा. गोव्याच्या ड्रोनवाल्याने दिलेलं 30. सगळं एका टाइमलाइनवर टाकलं की सॉफ्टवेअर गुपचूप स्वतःच्या मनाने बदल करतं, आणि वरात अडखळत चाललेली दिसते. या कामात बदल करणं भागच आहे. फक्त तो सॉफ्टवेअरने गुपचूप केलेला नको, तुम्ही समजून केलेला हवा.

यूट्यूबवर टाकायला बदल लागत नाही, हेही सांगून टाकतो. यूट्यूबचा स्वतःचा सल्ला असा आहे की ज्या फ्रेम रेटवर शूट केलं त्याच फ्रेम रेटवर चढवा. 24, 25, 30, 50, 60 सगळं चालतं. 'यूट्यूबला 60 आवडतं' ही गजाल कुठून आली देव जाणे.

आता बदल म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घेऊ. माझ्या मते हे समजलं की वर्गणीचं ॲप तुम्ही स्वतःच बंद कराल.

पहिला मार्ग, फ्रेम टाकून देणे किंवा दुप्पट करणे. 30 चं 25 करायचं तर दर सहावी फ्रेम फेकली जाते. हालचाल सेकंदाला पाच वेळा बारीक उडी मारते. बसून बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओत कोणाच्या लक्षातही येत नाही. तलवारबाजी असेल तर येतं. 50 चं 25 करायचं असेल तर एकाआड एक फ्रेम जाते, उडी बसत नाही. म्हणून भाग जाणारे आकडे निवडा, हे शाळेतलं गणित इथे पैसे वाचवतं.

दुसरा मार्ग, फ्रेम सगळ्या ठेवायच्या आणि वेग बदलायचा. सिनेमे पाल पद्धतीच्या टीव्हीवर दाखवायचा नेहमीचा मार्ग हाच होता: 24 चा चित्रपट सरळ 25 ने पळवायचा. दोन तासांचा चित्रपट एकशे पंधरा मिनिटांत संपतो. आवाजही त्याबरोबर पळतो, आणि हार्मोनियमच्या एका पट्टीच्या सुमारे पाऊण भागाने सूर चढतो. नाटकाच्या संवादात हे खपून जाईल. डबलबारीच्या भजनात करून बघा, बुवा पहिल्या आलापाला हात वर करतील. एफएफएमपेगमध्ये ए-टेम्पो नावाचा फिल्टर आहे, तो सूर न चढवता वेग बदलतो, पण मुळात गाण्याच्या कार्यक्रमाचा वेग बदलायला जाऊच नये. हा मार्ग खरा उपयोगी कुठे पडतो? वस्तूच्या जाहिरातीत. काजूगर परातीत पडताना 50 वर शूट करा, 25 ने चालवा, आवाज काढून टाका. निम्म्या वेगाचं झकास दृश्य मिळतं, आणि त्यातली एकही फ्रेम बनावट नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मधल्या फ्रेम नव्याने बनवणे. 'स्मूथ 60' म्हणून जे विकलं जातं ते हेच. संगणक दोन फ्रेम बघतो, मधे काय झालं असेल याचा अंदाज बांधतो आणि ते चित्र स्वतः काढतो. 30 चं 60 केलंत तर निम्मा व्हिडिओ तुमच्या कॅमेऱ्याने घेतलेलाच नाही. अंदाज सरळ हालचालीत बरा चालतो. झांज वाजवणारे हात, गर्रकन फिरलेलं उपरणं, तलवारीला तलवार भिडली तो क्षण, इथे बोटं वितळल्यासारखी दिसतात, तलवारीचं टोक गायब होतं. नवरा-नवरी एकमेकांना हार घालतात तिथे तर फुलं आणि चेहरा एकमेकांत मिसळलेले बघितलेत मी. गिऱ्हाईक म्हणतं, काहीतरी विचित्र वाटतंय, काय ते सांगता येत नाही.

2020 मध्ये लुमिएर बंधूंची ती जुनी स्टेशनात येणारी रेल्वे, 1896 ची, कोणीतरी 60 फ्रेमची करून टाकली आणि जगभर वाहवा झाली. मूळ फिल्म सेकंदाला साधारण 16 फ्रेमची. म्हणजे नव्या व्हिडिओत दर 60 पैकी 44 फ्रेम संगणकाने काढलेल्या. बघायला छान आहे, मीही दोनदा बघितली. पण तिला 'जुनी फिल्म' म्हणायचं का, यावर माझं उत्तर नाही असं आहे.

आपल्या घरचं उदाहरण याहून बोलकं आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईत कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याची लांबी 3,700 फूट सांगतात. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात, म्हणजे एकूण 59,200 फ्रेम. आता भागाकार करा. सेकंदाला 16 ने चालवलं तर चित्रपट 61 मिनिटं 40 सेकंदांचा. 24 ने चालवलं तर 41 मिनिटांचा. ठिकठिकाणी या चित्रपटाची वेळ 40 मिनिटं लिहिलेली दिसते, ती या दुसऱ्या हिशोबाशी जुळते. फिल्म तीच, फ्रेम त्याच, आणि वीस मिनिटांचा फरक. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, तो हात किती वेगाने फिरला हे फिल्मवर लिहिलेलं नसतं. जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळताना बघून आपण हसतो, ती बहुतेक वेळा अशी पळालीच नव्हती. नंतरच्या यंत्राने त्यांना पळवलं. पण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची जी रिळं आहेत, ती आहेत म्हणून हा हिशोब तरी करता येतो. कोणी '24 ची नवी प्रत काढली, आता मूळ कशाला' म्हणून रीळ फेकलं असतं तर?

आणि इथेच मला दशावताराची नाटकं रेकॉर्ड करणाऱ्यांशी बोलायचंय.

दशावताराला छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठला राजा ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी उभे राहतात. एकाच मंडळाचं एकच आख्यान आज एका गावात आणि परवा दुसऱ्या गावात वेगळं होतं. म्हणजे तुमच्या फोनमध्ये त्या रात्रीचं जे आलं, ते दुसरीकडे कुठेही नाही. पुस्तकात नाही, मंडळाकडे नाही. ती फाइल हीच संहिता.

पण आपली पोरं करतात काय? सकाळी धयकालो आटोपल्यावर घरी येतात, ॲपमध्ये टाकतात, 60 करतात, चॅनेलवर चढवतात, आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल पुसतात. राहतं काय, तर यूट्यूबने पुन्हा दाबलेली, संगणकाने निम्म्या फ्रेम काढलेली प्रत. सहा तासांचं नाटक 30 चं 25 केलं आणि मूळ पुसलं तर एक लाख आठ हजार फ्रेम कायमच्या गेल्या. त्यातली एखादी त्या कलाकाराच्या चेहऱ्याची असेल, जो पुढच्या हंगामाला नसेल.

'डिस्क महाग पडते' हे उत्तर मला ऐकायला मिळतं. हिशोब करू. फोनवर 1080 च्या 30 फ्रेमला मिनिटाला साधारण 60 ते 130 एमबी लागतात, फोन कुठल्या पद्धतीने साठवतो त्यावर. सहा तासांचे झाले 22 ते 47 जीबी. एक टीबीच्या डिस्कवर वाईटात वाईट 20 नाटकं, जमलं तर चाळीसच्या वर. वर्षभराच्या ॲपच्या वर्गणीचे पैसे डिस्कमध्ये घाला. मंडळाकडून नाहीतर जत्रेच्या कमिटीकडून डिस्कचा खर्च मागून घ्या, देतात लोक, मागायला लाजू नका.

आता ज्यांना बदल करायचाच आहे त्यांच्यासाठी. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच माणसाने 2000 साली सुरू केलं, आणि व्हिडिओचं काम करणारी कितीतरी ॲपं, वेबसाइटी आतून तेच वापरतात. म्हणजे बऱ्याचदा तुम्ही वर्गणी भरता ती फुकटच्या यंत्राला लावलेल्या रंगीत बटणाची. काळ्या खिडकीला घाबरू नका. माझं शिक्षण बीबीएचं, इंजिनिअरिंगचं नाही. मला जमतं तर तुम्हाला जमेल. नेमकी ओळ इंग्रजी अक्षरांत व्हिडिओत पडद्यावर आहे, ती थांबवून उतरवून घ्या. इथे मी ती फोनवर कोणाला सांगावी तशी सांगतो, म्हणजे प्रत्येक शब्द का आहे ते कळेल.

सुरुवात आज्ञेच्याही आधी होते. फाइल मुळात किती फ्रेमची आहे ते बघा. त्यासाठी एफएफप्रोब नावाचं भावंड सोबतच येतं. त्यात दोन आकडे शोधा, 'आर फ्रेम रेट' आणि 'ॲव्हरेज फ्रेम रेट'. दोन्ही सारखे असतील तर बहुतेक काळजी नाही. एक 30 आणि दुसरा 29 च्या आगेमागे काहीतरी तिरपागडा असेल तर फाइल बदलत्या फ्रेम रेटची आहे असं समजा. फोनच्या बऱ्याच फायली अशाच असतात. अंधार वाढला की फोन उजेड मिळवायला फ्रेम लांबवतो आणि त्या सेकंदात फ्रेम कमी भरतात. एडिटिंगमध्ये मृदुंगाची थाप आणि हात तासाभराने जुळेनासे होतात ते बऱ्याचदा यामुळे. या एका कामासाठी मात्र बदल करावाच, माझा पूर्ण पाठिंबा.

आता ओळ. आधी 'एफएफएमपेग'. मग 'डॅश आय' आणि मूळ फाइलचं नाव. मग 'डॅश व्हीएफ' आणि त्यापुढे 'एफपीएस बरोबर 25'. हा फिल्टर वेळ जपतो, लागेल तिथे फ्रेम टाकतो किंवा दुप्पट करतो, एकूण लांबी बदलत नाही. मग 'डॅश सीआरएफ 18', हा दर्जाचा आकडा. काहीच नाही लिहिलं तर तो 23 धरतो, आकडा कमी केला की दर्जा चढतो आणि फाइल फुगते. मग 'डॅश सी कोलन ए कॉपी', म्हणजे आवाजाला हात लावू नको, आहे तसा उचल. शेवटी नव्या फाइलचं नाव, आणि ते मूळ नावापेक्षा वेगळंच हवं. एंटर.

एक खड्डा आहे तो दाखवून ठेवतो. इंटरनेटवर 'डॅश आर 25' वापरा असंही सांगतात. तो शब्द मूळ फाइलच्या नंतर लिहिला तर तो वरच्यासारखंच काम करतो. मूळ फाइलच्या आधी लिहिला तर अर्थच पालटतो: फाइलमधली वेळ विसर आणि ही फाइल 25 चीच आहे असं धर. मग 30 वर घेतलेला एक तासाचा कार्यक्रम 72 मिनिटं चालतो आणि आवाज साठाव्या मिनिटाला संपून जातो. शब्द तोच, जागा बदलली. म्हणून शिकताना मी एफपीएसचा फिल्टरच वापरायला सांगतो, तिथे ही चूक करायला जागाच राहत नाही.

मधल्या फ्रेम बनवायचा फिल्टरही त्यात आहे, एम-इंटरपोलेट. ॲपवाले ज्याचे पैसे घेतात त्या जातीचं काम हा फुकट करतो. ॲपमधला एआयवाला प्रकार याच्यापेक्षा बरा निघेलही, पण हाताची बोटं दोघांकडेही फसतात. साध्या लॅपटॉपवर तो फार सावकाश चालतो, दहा सेकंदांच्या तुकड्यावर करून बघा आणि मग ठरवा. हळू सरकणाऱ्या ड्रोनच्या दृश्याला मी तो वापरेन. माणसांच्या चेहऱ्यावर कधीच नाही.

काळ्या खिडकीचा खरा फायदा धंद्यात वेगळाच आहे. लग्नाच्या 40 क्लिप असतील तर ॲपमध्ये 40 वेळा उघडा, आकडा निवडा, सेव्ह करा, आणि तिसाव्या क्लिपला चुकीचा आकडा निवडला जाणार हे ठरलेलं. इथे एक ओळ लिहून सगळ्या फोल्डरला लावायची, रात्री दुकान बंद करताना एंटर मारायचा, सकाळी शटर वर करेपर्यंत काम झालेलं. वेळ वाचला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या.

गिऱ्हाईक '60 च पाहिजे' म्हणून अडून बसलं तर वाद घालू नका. दहा सेकंदांचे दोन तुकडे करा, एक मूळ, एक 60 चा, हार घालतानाचाच क्षण निवडा, आणि दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. तरी पाहिजे म्हणाले तर करून द्या, वेगळी रक्कम लावा आणि बिलावर 'फ्रेम रेट बदल, मूळ फाइल सोबत' असं लिहा. मूळ फोल्डर त्यांच्या पेनड्राइव्हवर वेगळ्या नावाने द्या. मी नाव 'मूळ, हात लावू नये' असं ठेवतो, तारीख आणि गावासकट.